क्नोफ्लीक म्हणजे गुंडी

द्राहोमीरानं माझ्या नावे ठेवलं ते एवढंच:
एक कुत्रा, वजन अडीच किलो,
त्याची वेताची टोपली, लशींचं कार्ड,
आणि चिठ्ठी: ह्याला सोफ्यावरून उडी मारू देऊ नकोस.
बारा वर्षांच्या अबोल्यानंतर
बहिणीचं पहिलं वाक्य.

क्नोफ्लीक. आमच्या भाषेत गुंडी.
जन्मभर शिवत मी बसले, ब्रनोच्या नाट्यगृहात,
राजांचे झगे, चेटकिणींच्या बाह्या,
आणि गुंडी मात्र तिच्याकडे.

पहिले आठ दिवस तो दाराशीच.
फटीतून जिन्याचा वारा येई
त्याला कान लावून बसे.
कान कसले, वटवाघळाचे पंख,
उजेडासमोर धरले तर शिरा मोजाव्यात.
मी हाक मारली की धावत यायचा
आणि अर्ध्या वाटेत थांबायचा.
आमचे आवाज सारखे आहेत, लोक म्हणायचे.
मला ते तेव्हाही आवडत नसे.

डॉक्टर ह्रुश्कोव्हा म्हणाल्या,
ह्यांचे पूर्वज तळघरात उंदीर मारायचे,
आता ह्यांनाच जपायचं, आपल्या टाचेपासून.
गुडघ्याची वाटी सरकते कधीकधी:
तीन पावलं लंगडी, चौथ्याला जसं काही झालंच नाही.
जेवण चुकवू नका. दात रोज घासा.
रोज?
रोज.

मी, जिला स्वतःची कवळी पाण्यात टाकायची आठवण राहत नाही,
रात्री बोटाला फडकं गुंडाळून
तांदळाएवढी दाढ शोधते.
घरात पाय उचलत नाही आता,
सपाता घसटत चालते, बर्फावरच्या नवशिकीसारखी.
बसण्याआधी उशी चाचपते.
पांघरुणाची प्रत्येक घडी संशयित.

जानेवारीत फुटपाथवर तो एक पाय उचली,
मग दुसरा,
मग चारही एकदम उचलता येत नाहीत
याचा राग माझ्यावर.
तेव्हा टेप काढली. छाती एकतीस, गळा एकवीस.
इतकं लहान माप कधी घेतलं नव्हतं
आणि इतकं हलणारं तर नाहीच.
खडू त्यानं खाल्ला.
कुठल्याशा राजाच्या झग्याची हिरवी मखमल उरली होती,
तिचा कोट झाला, पोटाशी एक बंद.
ट्राममध्ये पिशवीतून डोकं काढून बसला
तेव्हा समोरचे झ्बिन्येक, तिसऱ्या मजल्यावरचे,
टोपी काढून म्हणाले, महाराज.
मी बऱ्याच दिवसांनी हसले असेन,
कारण हसताना कवळी सुटली.

मार्चमध्ये टोपली झाडायला घेतली.
तळाशी, केसांनी माखलेला, एक राखाडी स्वेटर.
माझ्या हातची वीण मी अंधारातही ओळखीन.
तिच्या चाळिशीला दिला होता.
आईच्या शिवणयंत्रावरून भांडलो त्या दिवशी
मी म्हटलं, परत कर.
ती म्हणाली, तो केव्हाच फेकला.

कोपरं विरलेली. म्हणजे घातलेला. खूप घातलेला.
तिसरी गुंडी निराळी, तपकिरी,
जाड निळ्या दोऱ्यानं लावलेली, वेडीवाकडी,
मागे गाठींचा गोळा.
तिला कधी टाका जमला नाही.
शेजारच्या पोरीचा फ्रॉकसुद्धा
मीच उसवून पुन्हा शिवायचे.

उसवणी हातात घेतली होती.
निळ्या दोऱ्याखाली टोक गेलंही होतं.
तो जमिनीवर उभा, एक पंजा वर धरून,
ओरडत नव्हता.
अडीच किलोत मावेल तेवढं सगळं
डोळ्यांत घेऊन नुसता बघत होता.

स्वेटर होता तसाच परत ठेवला, न धुता.
तो आत शिरला, तीन गिरक्या,
नाक त्या बेढब गुंडीला टेकवलं,
आणि दाराकडे पाठ करून झोपला.

उद्या त्याची नखं कापायची आहेत.
मागच्या वेळी जास्त कापली गेली होती, एक थेंब रक्त आलं.
चश्मा बदलायला हवा.